भिंतीतलं विकर

त्या कुपीचं नाव घरात घेता येत नव्हतं, तिथपासूनच माझी कटकट सुरू झाली.

इंग्रजीत तिला अँटीबॉडी म्हणतात. औशाला आमच्या घरी जेवताना मी सहज म्हणून गेले, "अँटीबॉडी आली एकदाची," तर आत्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. "बॉडी? कुनाची बॉडी?" भूकंपाला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, पण आमच्या भागात त्या शब्दाला एकच अर्थ उरला होता. जवान म्हणायचे बॉडी, डॉक्टर म्हणायचे बॉडी, जीपवाले म्हणायचे बॉडी. आत्याचं गाव किल्लारीजवळचं. त्या रात्री उकडतंय म्हणून ती लेकराला घेऊन अंगणात निजली आणि तिचे यजमान आत. त्यानंतर ती मुलासह आमच्याकडे आली आणि राहिली. पुढे मुलगा पुण्याला नोकरीला लागला, ती आमच्याकडेच राहिली.

मी सावरून घ्यायला मराठी शब्द सांगितला. प्रतिपिंड. शाळेच्या पुस्तकात तोच आहे. ते तर आगीत तेल ओतल्यासारखं झालं. "पिंड?" आत्या म्हणाली. "माय गं, ह्या पोरी शिकून काय करायल्यात?" वडील पाणी प्यायला उठले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या कुपीला औषध म्हणायचं असं न बोलताच ठरलं. दर आठवड्याला आत्या विचारायची, "तुझं औषध कसं हाय?" जशी काही मीच आजारी होते. पुढे पुढे मला या प्रश्नाचा इतका राग यायला लागला की मी उत्तरच द्यायची नाही, कारण औषध काही केल्या लागू पडत नव्हतं.

मी तेव्हा नांदेडला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. विषय मासे आणि कापसावर मारायची औषधं. फवारणीचं पाणी ओढ्यातून गोदावरीत येतं, ते माशांना काय करतं, हे बघायचं. आम्ही बाजारातून जिवंत मरळ आणायचो. तो मासा चिवट, टाकीत ठेवला तरी तग धरतो. काही मरळींना स्वच्छ पाणी, काहींना फवारणीचं पाणी, आणि मग दोन्हींच्या यकृतात काय फरक पडला ते तपासायचं. यकृताच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीच्या चुलीच म्हणा ना, आणि त्या चुलीत काम करणारं सक्सिनेट डिहायड्रोजनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. नाव भलं मोठं, त्यामुळे पुढे मी नुसतं विकर म्हणेन. एका रंगाच्या चाचणीनं मी दाखवलं होतं की फवारणीच्या पाण्यातल्या मरळीत या विकराचं काम मंदावतं.

पण एवढं दाखवणारे माझ्याआधी ढिगानं झाले होते. माझे गाइड ते मला तोंडावरच म्हणाले. "काम मंदावलं, ते दिसतंच. प्रश्न असा की विकर कमी झालं, की आहे तेवढंच आहे आणि हातपाय गाळून बसलंय? ते सांगा, तर प्रबंधाला अर्थ आहे." कामगार कामावरच आला नाही, की येऊन नुसताच बसला, हा तो फरक. तो रंगाच्या चाचणीत कळत नाही. त्यासाठी ती अँटीबॉडी हवी होती.

ती तयार होते सशात. विकराचा अंश सशाला टोचतात, आणि सशाच्या रक्तात एक असा पदार्थ तयार होतो जो जगातल्या दुसऱ्या कशालाही न धरता फक्त त्या विकराला जाऊन चिकटतो. जत्रेतलं लेकरू हजार लुगड्यांमधून आपल्याच आईचा पदर धरतं तसं. आपण यकृतातली सगळी प्रथिनं एका खास पांढऱ्या कागदावर उतरवायची, त्यावर हे औषध सोडायचं, आणि जिथे विकर असेल तिथे शेवटी एक तपकिरी रेघ उमटते. त्या रेघेला बँड म्हणतात. रेघ जाड तर विकर भरपूर, बारीक तर कमी. मला आयुष्यात तेव्हा ती एक रेघ हवी होती, बाकी काही नको होतं.

घाई असण्याचं कारण सरळ होतं. गाइड पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी माझा विषय कळणारं कुणी नव्हतं. कुपी मागवायला मंजुरी मिळाली होती ती एकदाच, आणि तीही इतके खेटे घालून, की पुन्हा मागायची कुणाची छाती नव्हती. रेघ आली तर प्रबंध, प्रबंध झाला तर कुठल्यातरी कॉलेजात नोकरी आणि आपलं एक टेबल, आपला एक सूक्ष्मदर्शक. नाही आली तर लातूर.

लातूरचं सांगायला हवं. त्या काळात सीईटी आली आणि लातूरला क्लासचं पेव फुटलं. ज्या गल्लीत भुसार मालाची दुकानं होती तिथे वरच्या मजल्यावर फिजिक्स, खालच्या मजल्यावर मेस. निलंग्याची, उदगीरची, पार बीड-परभणीकडची पोरं एका एका खोलीत दाटीवाटीनं राहून डॉक्टर व्हायला निघालेली. माझी शिष्यवृत्ती येईल तेव्हा येई, म्हणून मी शनिवार-रविवार तिथे एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. शुक्रवारी संध्याकाळी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूर, शनिवारचा क्लास आटोपला की मुक्कामाला औसा, रविवारी पुन्हा क्लास आणि रात्री उलटी वाट. क्लासचे मालक चांगला माणूस, पण चिकट. "मॅडम, पोरांना तुमची लई गोडी हाय. कशाला त्या मासोळ्यांच्या मागं लागताव? पूर्ण वेळ या हिकडं." मी हसून वेळ मारून न्यायची. माईक लावून दोनशे पोरांना उत्तरं पाठ करून घेण्याचा मला मनापासून कंटाळा होता, आणि ते मला फार छान जमत होतं, याचा त्याहून जास्त.

कुपी हैदराबादच्या वितरकाकडून बर्फाच्या डब्यात आली. करंगळीच्या पेराएवढी, आत पाण्यासारखे काही थेंब. मी तिचे आणखी छोटे वाटे करून फ्रीजरमध्ये ठेवले आणि पहिला कागद लावला. कोरा.

दुसरा कोरा. तिसरा कोरा. एखादा डाग, एखादा ओरखडा आला असता तरी चाललं असतं, भांडायला काहीतरी मिळालं असतं. पण तो कागद असा पांढराशुभ्र निघायचा, जसा काही मला चिडवायलाच धुऊन वाळवला आहे.

मग मी दोष देत सुटले. पहिल्यांदा दुधाला. औषध भलतीकडे चिकटू नये म्हणून कागद आधी दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवून ठेवतात. साय काढलेली साधी पावडर लागते. मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून पाकीट आणलं, ते निघालं चहात टाकायचं, साखर घातलेलं. महिनाभर मी माझे कागद गोड दुधात भिजवत होते. हे कळलं तेव्हा मला आनंदच झाला, म्हटलं सापडला चोर. साधी पावडर शोधून आणली. कागद कोराच.

मग भारनियमन. नांदेडला तेव्हा वीज येण्यापेक्षा जाण्याचीच वेळ नेमकी असायची. फ्रीजर वितळायचा, पुन्हा गोठायचा, आणि अँटीबॉडीला याच गोष्टीचं वावडं. म्हणून मी उरलेले वाटे थर्मासमध्ये बर्फ भरून शनिवार-रविवार सोबत न्यायला लागले. एसटीत लोकांना वाटायचं चहा आहे. अहमदपूरच्या स्टँडवर एका म्हातारबाबांनी तर सरळ मागितला. लातूरला मालकांच्या मेसच्या फ्रीजरमध्ये, औशाला आमच्या शेजारच्या मेडिकल दुकानात लसींशेजारी, असा त्या औषधाचा पाहुणचार चालला होता. सख्ख्या नातेवाइकाचं मी इतकं केलं नव्हतं. त्यानंही काही फरक पडला नाही.

मी गाइडकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नमुना नितळ होता?" त्यांचा जीव नितळपणावर होता. आमच्या प्रयोगशाळेची रीतच तशी होती: यकृत वाटायचं, यंत्रात जोरात फिरवायचं, खाली गाळ बसला की वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं आणि गाळ फेकून द्यायचा. गाळ म्हणजे पेशींची साल-टरफलं, मोडतोड. तो नमुन्यात आला की कागदावर चिखल होतो. माझं पाणी इतकं नितळ असायचं की गाइड ते इतर विद्यार्थ्यांना दाखवायचे. त्यातली प्रथिनं कागदावर उतरलीत की नाही हे बघायला एक गुलाबी रंग असतो, तोही भरघोस यायचा. खात्री म्हणून उंदराचं यकृतही त्याच रीतीनं लावून पाहिलं, कारण उंदरावर हे औषध चालतं असं कंपनीच्या कागदातच होतं. तेही कोरं. म्हणजे दोष माझा नाही, माशाचा नाही. औषध मेलेलंच आलंय.

मी हैदराबादला फोन लावला. वितरकाचा माणूस अतिशय सभ्य. "मॅडम, सबका चल रहा है. आपका ही नहीं चल रहा." आपका ही. त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी एसटीडी बूथमध्ये उभी राहून त्याला मराठी, हिंदी आणि आमच्या औशाच्या दखनीत जे काही सुचलं ते सगळं ऐकवलं. तो शेवटी म्हणाला, "ठीक है मॅडम, फिर से ट्राय करके देखिए." आणि मी पुन्हा प्रयत्न केला, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. असं करत करत कुपी संपत आली. शेवटचा एक वाटा राहिला आणि एक बाटली, ज्यात आधी वापरून झालेलं पातळ औषध मी जपून ठेवलं होतं. ते पुन्हा एक-दोनदा वापरता येतं, जर खराब झालं नसेल तर.

त्या शनिवारी मी औशाला पोचले तेव्हा आत्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी चप्पल काढायच्या आत तिनं विचारलं, "औषध कसं हाय?"

"मेलं," मी म्हटलं. "नाव काढू नको."

तिला बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ती आपल्या नेहमीच्या गोष्टीकडे वळली. ही गोष्ट आम्ही घरातल्या सगळ्यांनी इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की भाऊ रेडिओ लावायचा. तिच्या मुलाच्या पायातले चांदीचे वाळे होते. घराच्या भिंती तिकडच्या रीतीच्या, दगड-मातीच्या, हातभर रुंदीच्या. त्यातला एक दगड सैल होता, तो सरकवला की मागे पोकळी, आणि वाळे तिथे. भूकंपानंतर शोधाशोध झाली तेव्हा ती दवाखान्यात होती. माणसं आली, त्यांनी लोखंडी पेटी जिथे असायची ती जागा उकरली, पेटी काढली, म्हणाले झालं. भिंतींचे दगड ट्रॅक्टरनं गावाबाहेर नेऊन टाकले.

"समद्यांनी पेटीच उघडून बगितली," आत्या म्हणाली. "पेटीत काय होतं? लुगडी. वाळे भिताडात होते. भिताड पडलं तर भिताडातलं कुठं जाईल? ढिगाऱ्यातच जाईल का न्हाई? ढिगारा कुनी चाळला न्हाई. मी म्हनत राहिले, कुनी ऐकलं न्हाई."

"आत्या, बस आता," मी म्हटलं. "किती वेळा तेच तेच." ती शेंगा सोलत राहिली. मी आत जाऊन पडले. मला तिच्या वाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं, माझं स्वतःचंच डोकं जाग्यावर नव्हतं.

रविवारी लातूरला सकाळची बॅच. धडा श्वसनाचा. या धड्यावर सीईटीला एक प्रश्न हमखास विचारतात: क्रेब्ज चक्रातलं कोणतं विकर मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणाला जोडलेलं असतं? बाकी सगळी विकरं आतल्या द्रवात मोकळी तरंगतात, हे एकच आवरणात रुतलेलं असतं. माझंच विकर. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून मी त्याचा एक ठेका केला होता. मी अर्धं म्हणायचं, त्यांनी अर्धं. तो ठेका इतका चालला की दुसऱ्या क्लासची पोरंही म्हणायची.

मी माईकवर म्हटलं, "सगळी विकरं खोलीत..."

आणि दोनशे गळ्यांनी उत्तर दिलं, "सक्सिनेट भिंतीत!"

माझा खडू फळ्यावर टेकलेला तसाच राहिला. भिंतीत. मी यकृत वाटते म्हणजे काय करते? भिंती पाडते. भिंती पडल्यावर भिंतीतलं कुठे जातं? ते वरच्या नितळ पाण्यात कशाला येईल? ते गाळात. आणि गाळ मी दर वेळी बेसिनमध्ये नळाखाली खळखळून धुऊन टाकत होते, वर परीक्षानळी चकचकीत झाली का तेही बघत होते. माझ्या रंगाच्या चाचणीला नमुना हलकेच फिरवलेला, गढूळच चालतो, म्हणून तिथे विकर सापडत होतं. कागदासाठी मी जोर लावून नितळ करायची, आणि त्या नितळपणात विकराचा मागमूसही राहत नव्हता. उंदराचंही तेच. औषध बिचारं कोऱ्या कागदावर आईला शोधत फिरत होतं आणि आई गटारात.

"आई गं," मी म्हटलं, ते माईकमध्ये गेलं आणि सगळा वर्ग हसला.

मला रडू नाही आलं, संताप आला. स्वतःचा तर आलाच, पण त्या ठेक्याचा जास्त. हे वाक्य मीच बनवलं होतं. वर्षभर रविवारच्या उजळण्यांत मी ते दोनशे पोरांकडून घोकून घेत होते, सोमवारी नांदेडला जाऊन गाळ फेकत होते, आणि मधल्या एसटीच्या प्रवासात या दोन गोष्टींची एकदाही गाठ पडली नव्हती. पडणार कशी? एक गोष्ट एका मार्काची होती आणि दुसरी माझ्या कामाची. आम्ही लहानपणापासून अशीच शिकलो, उत्तर आलं की प्रश्न पुसून टाकायचा. मला ते उत्तर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

सोमवारी मी गाइडना सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. "गाळाचा बँड? गाळ तो गाळ." पण मग चष्मा पुसत म्हणाले, "करून बघा." मी नव्या मरळी आणल्या, यकृत वाटलं, फिरवलं, आणि या खेपेला नितळ पाणी फेकून दिलं. गाळ विरघळवायला साबणासारखं एक रसायन लागतं, ते घातलं. औषधाचा शेवटचा वाटा त्यावर सोडला.

दुपारी उन्हात खिडकीशी उभी राहून मी रंग चढायची वाट बघत होते. आधी काहीच नव्हतं. मग कागदाच्या मध्यावर दोन सावल्या, आणि बघता बघता दोन तपकिरी रेघा, शेजारी शेजारी. एक स्वच्छ पाण्यातल्या मरळीची, एक फवारणीच्या पाण्यातल्या मरळीची. दोन्ही सारख्याच जाड. म्हणजे विकर कमी झालेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, नुसतं काम करेनासं झालं होतं. हे तोवर आमच्या प्रयोगशाळेत कुणी दाखवलेलं नव्हतं. मी एकटीच होते आणि मी मोठ्यानं हसले. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि, खरं सांगायचं तर, नंतरही झाला नाही.

गाइडनी कागद उजेडात धरला. त्यांचा चेहरा उजळला, मग पुन्हा गाइडसारखा झाला. "छान आहे," ते म्हणाले. "आणखी दोनदा दाखवा. एकदा आलेला बँड हा योगायोग असतो."

ते बरोबर बोलत होते. तेच तर जास्त लागलं. ते चुकीचं बोलले असते तर मी भांडले असते.

शेवटचा वाटा संपला होता. मी वापरून ठेवलेली बाटली काढली. दुसऱ्या कागदावर रेघ आली, पण इतकी पुसट की मलाच ती दिसत होती, गाइडना नाही. तेवढ्यात भारनियमनाचं वेळापत्रक बदललं आणि फ्रीजर दिवसभर बंद राहिला. तिसऱ्या कागदावर काहीच आलं नाही. पुन्हा तोच पांढराशुभ्र कागद. आता मला कारण माहीत होतं एवढाच फरक.

मी हैदराबादला फोन लावला. या खेपेला अगदी गोड आवाजात. म्हटलं, भैया, माफ करा, तुमचं औषध चांगलं होतं, तेच पुन्हा थोडं तरी मिळेल का, नमुना म्हणून का होईना.

"मॅडम, वो लॉट खतम हो गया," तो म्हणाला. "एक्स्पायर हो गया."

"कैसे एक्स्पायर?" मी कुपी डोळ्यांसमोर धरली. "मेरी शीशी पे तो अगले साल की तारीख है."

"शीशी नहीं मॅडम. रॅबिट. वो रॅबिट एक्स्पायर हो गया."

मला आधी कळेचना. मग त्यानं शांतपणे समजावलं. प्रत्येक सशाचं रक्त वेगळं, त्याचं औषध वेगळं. तो ससा गेला, त्याच्याबरोबर ते औषधही गेलं. आता दुसरा ससा आहे, त्याचा माल येईल, पण तो तुमच्या माशाला तसाच चिकटेल की नाही, ते पहिल्यापासून तपासावं लागेल. आणि ऑर्डर अर्थातच नवीन द्यावी लागेल. मी बूथच्या काचेतून बाहेर बघत होते. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी म्हटलं, "अच्छा," आणि फोन ठेवला. ज्या सशाला मी कधी बघितलं नाही त्याच्यावर माझं सगळं अडलं होतं, आणि मला त्याचं दुःख होण्याऐवजी रागच येत होता. मरायला हीच वेळ सापडली होती त्याला.

नवी मंजुरी मिळाली नाही. गाइडनी जाता जाता सुचवलं की तो भाग वगळून प्रबंध लिहा. तो भाग वगळला तर उरत काय होतं हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी लिहिला नाही. ते निवृत्त झाले, हार-तुरे झाले, मीही फोटोत उभी राहिले. त्या जूनपासून मी लातूरला पूर्ण वेळ गेले. मालकांनी पेढे वाटले.

सामान आवरताना तो रेघेचा कागद मी वहीत घालून औशाला आणला होता. आत्या जवळ आली. "हेच का ते?" मी कागद तिच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच तिला नीट सांगितलं, की मला हवं होतं ते भिंतीत होतं, मी गाळ फेकत राहिले, आणि गाळ तपासायची अक्कल आली तेव्हा औषध संपलं. ती रेघेवर बोट ठेवून बघत होती. मला वाटलं आता ही आपल्या वाळ्यांचं सुरू करणार. केलं असतं तर त्या दिवशी मी ऐकून घेतलं असतं.

"एवढीशी रेघ," ती म्हणाली. मग कागद परत देताना म्हणाली, "पर तुला घावली तरी." आणि चुलीकडे गेली.

त्याला आता खूप वर्षं झाली. सीईटीचं नाव बदललं, इमारती उंच झाल्या, खडू जाऊन पडदा आला. माझा ठेका मात्र टिकून आहे. त्या कागदावरची रेघ फिकी होत होत गेली, आता जागा माहीत असेल तरच दिसते. दर वर्षी श्वसनाचा धडा येतो, मी म्हणते, सगळी विकरं खोलीत, आणि समोरून येतं, सक्सिनेट भिंतीत. आता हॉलमध्ये पाचशे असतात, आवाज बाहेरच्या रस्त्यावर जातो.

आणि दर वर्षी मी तिथे थांबते. माईक तोंडाशी धरून विचारते, "मग मला सांगा, पेशी वाटली, जोरात फिरवली, खाली गाळ बसला, वर नितळ पाणी आलं. तर हे विकर कुठे सापडेल? पाण्यात, की गाळात?"

पोरं एकमेकांकडे बघतात, वह्या उलटतात, नोट्समध्ये हे नाही. गेल्या वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. मला वाटलं, हिला कळलं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत," मी म्हटलं, आणि सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.